रॅटलस्नेक, खुजा

(सिस्ट्रूरस मिलिॲरियस). व्हायपरिडी कुलाच्या क्रोटॅलिनी उपकुलातील एक लहान विषारी साप. सह्याद्रीतील चापडा याच उपकुलातला. डोळा व नाकपुडी यांमधील उष्णतासंवेदी खळगा दोघांतही असतो. खुजा रॅटलस्नेक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, नॉर्थ कॅरोलायना ते फ्लॉरिडा आणि पश्चिमेस ओक्लाहोमा व टेक्सासपर्यंत आढळतो. लांबी बहुधा ४०–६० सेंमी. रंग राखाडी, पाठीवर गडद ठिपक्यांची रांग. शेपटीचा खुळखुळा इतका लहान, की त्याचा आवाज किड्याच्या गुणगुणीसारखा येतो व जेमतेम मीटरभर अंतरावरून ऐकू जातो.

लिनीअस यांनी १७६६ मध्ये ही जाती क्रोटॅलस या रॅटलस्नेकांच्या प्रजातीत घातली. गार्मन यांनी १८८३–८४ च्या सुमारास सिस्ट्रूरस प्रजाती वेगळी काढली. आधार मुख्यतः डोक्यावरील नऊ मोठ्या खवल्यांचा. क्रोटॅलसमध्ये तेथे बहुशः बारीक खवले असतात. मोठे खवले इतर अनेक सर्पकुलांतही असल्याने सिस्ट्रूरस ही रॅटलस्नेकांची आद्य शाखा असल्याचे मत बराच काळ रूढ होते. मात्र असेच खवले असलेली मेक्सिकोतील रेव्हस ही जाती रेणवीय पुराव्यावरून २००२ मध्ये क्रोटॅलसमध्ये हलवण्यात आली. त्यामुळे केवळ खवल्यांवरून वंशावळ ठरवणे आता धोक्याचे वाटते. ग्लॉइड यांनी १९३५ मध्ये वर्णिलेल्या बारबोरी व स्ट्रेकेरी या दोन उपजाती आणि मूळ उपजाती अशा तीन उपजाती सामान्यतः मानतात.

सरडे, बेडूक, गोमा व लहान उंदीर हे याचे भक्ष्य. मादी उन्हाळ्याच्या अखेरीस पिले घालते व त्यांची पहिली कात पडेपर्यंत बहुधा जवळ राहते. पिलांच्या शेपटीचे टोक पिवळे असते. ते अळीसारखे हलवून ती भक्ष्याला भुलवतात.

विष प्रामुख्याने ऊतकनाशक व रक्तस्रावी असते. दंशाने वेदना व सूज येते, मृत्यू क्वचित. बारबोरीच्या विषातील बारबोरिन हे प्रथिन रक्तबिंबाणूंवरील (प्लेटलेट; रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणिकांवरील) एका ग्राहीला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) नेमके चिकटून त्यांची गुठळी होऊ देत नाही. त्याच्या रचनेवरून बेतलेल्या एप्टिफिबॅटाइड या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ते हृदयविकाराच्या तीव्र अवस्थेत व अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेवाटे देतात. औषध कृत्रिम रीत्या बनवलेले लहान पेप्टाइड असल्याने त्यासाठी सापाचे विष काढावे लागत नाही.