बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरच्या रक्ततपासण्या : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

दात्याच्या मूळपेशी शरीरात सोडल्या तो शून्यावा दिवस. सॅम्पल देताना आज कितवा दिवस आहे ते काउंटरवर जरूर सांगा. दहाव्या दिवशी ज्या आकड्याची कुणी फिकीर करत नाही, तोच चाळिसाव्या दिवशी डॉक्टरांना धावपळ करायला लावतो.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष न्यूट्रोफिलकडे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे असतं. सलग 3 दिवस त्या दर मायक्रोलिटर रक्तात 500 किंवा त्याहून जास्त राहिल्या की नवी मज्जा रुजली असं धरतात. त्यानंतर कायमेरिझम तपासणी होते. रक्तातल्या पेशींमध्ये दात्याचा वाटा किती आणि रुग्णाचा किती, हे तिच्यात कळतं. दात्याचा वाटा घसरू लागला तर मज्जा टिकत नाही किंवा मूळ आजार परततो आहे, याची चाहूल त्रास सुरू होण्याआधीच लागू शकते.

सीएमव्ही हा विषाणू पुष्कळ लोकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की डोकं वर काढतो. म्हणून पहिले 100 दिवस साधारण दर आठवड्याला त्याची पीसीआर, म्हणजे रक्तात तो किती आहे हे मोजणारी तपासणी करतात. ही तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, मग ती आमची असो वा दुसरी. लॅब बदलली की पद्धत बदलते, आणि आकडा खरंच वाढला की नुसता वेगळा आला, हे ठरवणं अवघड जातं.

दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटतात त्याला जीव्हीएचडी म्हणतात. एसटी-टू आणि रेग-थ्री-अल्फा या दोन प्रथिनांवरून त्याचा धोका किती गंभीर आहे याचा अंदाज बांधता येतो. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की रेग-थ्री-अल्फा रक्तात झिरपतं. पण हा अंदाजच आहे. आकडा जास्त आला म्हणजे वाईटच होणार असं नाही, आणि कमी आला म्हणून औषधं स्वतःहून कमी करू नका.

सर्वांत जास्त चुका आम्ही टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या रक्तातल्या पातळीत पाहतो. त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन येऊ नका, ती सोबत आणा आणि रक्त दिल्यावर घ्या. आधी गोळी घेतली तर पातळी खोटी वाढलेली दिसते आणि त्यावरून डोस चुकू शकतो. हे औषध सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या, ज्या शाखेतून दिलं असेल, तिच्यातून सॅम्पल घेऊ देऊ नका. बुरशीवरची व्होरिकोनॅझोलसारखी गोळी नुकतीच सुरू किंवा बंद झाली असेल तर तेही सांगा, तिच्यामुळे पातळी बरीच बदलते.

ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, अंगावर पुरळ उठली, जुलाब लागले किंवा डोळे पिवळे दिसले, तर रिपोर्टसाठी थांबू नका. आधी ट्रान्सप्लांट केंद्राला फोन करा, सॅम्पलचं नंतर बघू.