डेंग्यू चरबी जाळतो, हिपॅटायटिस सी ती साठवतो

पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात डेंग्यूचे रिपोर्ट हातात धरून बसलेली माणसं दिसतात. सोबत सोनोग्राफी असेल तर तिच्यावर पुष्कळदा एक ओळ सापडते: 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइमही रक्तात वाढलेलं असतं. मग घरात ठरूनच जातं की डेंग्यूने लिव्हरवर चरबी आणली. नात्यात कुणाला हिपॅटायटिस सी होऊन गेला असेल, तर हा समज आणखी घट्ट होतो, कारण त्यांच्याही कागदावर हेच शब्द होते.

गल्लत होण्याला कारण आहे. दोन्ही विषाणू फ्लॅविव्हिरिडी या एकाच कुळातले, दोघांचाही जनुकीय ऐवज आरएनएचा आणि दोघंही यकृताच्या पेशीतल्या चरबीला हात घालतात. पण पुढे दोघांची वाट उलट आहे. डेंग्यू साठा फोडून जाळतो. हिपॅटायटिस सी साठा वाढवतो आणि त्या साठ्याला टेकूनच आपले नवे कण बांधतो.

आधी साठा कसा असतो ते पाहू. वरणावर फोडणीचं तेल तरंगतं तशी पेशीत चरबी थेंबाथेंबाने असते. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर, भोवती फॉस्फोलिपिडचा एकेरी थर. पेशीतली बाकीची पटलं दुहेरी थराची असतात, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं. इथे आत तेल आहे, म्हणून एकच थर पुरतो. वरणावरचे थेंब डाव फिरवला की एकमेकांत मिसळतात. पेशीतले तसे सहज मिसळत नाहीत, कारण त्यांच्या कडेला पेरिलिपिनसारखी प्रथिनं पहारा देतात. दोन्ही विषाणूंचं गाभ्याचं प्रथिन याच कडेवर येऊन चिकटतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे थेंबाभोवती तसंच चमकतं कडं दिसतं. तेवढ्यावरून दोघांचं काम सारखंच आहे असं मानणं, हीच पहिली चूक.

डेंग्यूमध्ये पेशीची स्वभक्षणाची यंत्रणा चरबीच्या थेंबांकडे वळवली जाते. पेशी स्वतःचेच जुने भाग पिशवीत बांधून पचवते, ती ही यंत्रणा. थेंब फुटतात आणि सुटलेली मेदाम्लं तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, जाऊन जळतात. १६ कार्बनच्या एका पामिटिक आम्लाच्या रेणूतून हिशेबाने १०६ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूतून साधारण ३० ते ३२. हजारो आरएनए प्रती छापणाऱ्या विषाणूला हा व्यवहार परवडतो. मेदाम्लांना तंतुकणिकेत शिरू न देणारं एटोमॉक्सिर दिलं, तर पेशीत डेंग्यूची वाढ घटते. ही चरबी विषाणूसाठी खरोखर इंधन असल्याचा हा चांगला पुरावा आहे.

त्याच वेळी डेंग्यूचं एनएस३ हे प्रथिन, मेदाम्ल बनवणारं पेशीचं एन्झाइम ओढून आपल्या कामाच्या जागी, आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या जाळ्याच्या पटलापाशी, नेतं. तिथे नवी चरबी बनते आणि तिच्यातून प्रती काढण्यासाठी पटलाचे कप्पे तयार होतात. जुना साठा जाळायचा आणि नवा माल लागेल तिथेच तयार करायचा, अशी ही दुहेरी सोय आहे.

हिपॅटायटिस सीचं वागणं वेगळं. त्याचं गाभ्याचं प्रथिन डीजीएटी१ या ट्रायग्लिसराइड बनवणाऱ्या एन्झाइमच्या मदतीने थेंबावर पोचतं आणि तिथून चरबीच्या तिन्ही वाटा बिघडवतं. नवी चरबी जास्त बनते, जळते कमी, आणि यकृतातून रक्तात जाणारी चरबीही अडते, कारण व्हीएलडीएलचे, म्हणजे चरबी रक्तात वाहून नेणारे, कण भरणारं एमटीपी हे प्रथिन मंदावतं. आवक वाढली आणि जावक तुंबली की गोदाम भरणारच. विषाणूही पेशीतून बाहेर पडताना चरबीच्या कणाला जोडूनच पडतो, अंगावर अपोलिपोप्रोटीन ई हे चरबीच्या कणांवरचं प्रथिन घेऊन. भारतात या विषाणूचा जनुकप्रकार ३ जास्त आढळतो, आणि यकृतात थेट चरबी साठवण्यात हाच सगळ्यांत पुढे. जनुकप्रकार १ मध्ये यकृतावरची चरबी बहुतेक वेळा रुग्णाचं वजन आणि इन्सुलिन-प्रतिरोध यांच्या मागोमाग येते. प्रकार ३ मध्ये ती विषाणूचीच असते, म्हणून विषाणू गेला की तीही ओसरते.

प्रयोगशाळेत हा फरक पाहायचा तर घोटाळे रंग देतानाच होतात. यकृत-पेशींवर ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा लाल रंग वापरताना पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं स्थिर कराव्यात. मिथेनॉल वापरलं तर चरबी विरघळून जाते आणि 'थेंब कमी झाले' असा खोटा निकाल हातात येतो. रंगाचं मूळ द्रावण आयसोप्रोपेनॉलमध्ये ०.३ टक्क्यांचं, त्याचे ३ भाग आणि पाणी २ भाग. दहा मिनिटं ठेवून गाळून घ्यायचं. न गाळलेल्या रंगाचे लाल खडे थेंबांसारखेच दिसतात. पुढे प्रतिपिंडांनी विषाणूचं प्रथिनही रंगवायचं असेल, तर पटल सच्छिद्र करायला ट्रायटन या डिटर्जंटऐवजी सौम्य सॅपोनिन घ्यावं, नाहीतर थेंब विस्कटतात. पॅराफिनमध्ये बसवलेल्या बायॉप्सीत तर चरबी उरतच नाही. अल्कोहोल आणि झायलीन तिला धुऊन नेतात, आणि तिच्या जागी दिसतात गोल पांढरी भोकं.

डेंग्यूत थेंब वाढल्याचंही काही प्रयोगांत आढळलं आहे. म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही. संसर्गानंतर किती तासांनी पाहिलं, माध्यमात सीरम किती होतं, थेंबांचं एकूण क्षेत्रफळ किती, हे सगळं त्याच ताटलीतल्या निरोगी पेशींशी ताडून पाहावं लागतं.

आता पुन्हा त्या सोनोग्राफीच्या कागदाकडे. साधारण पाचवा हिस्सा ते एक तृतीयांश पेशींत चरबी साचल्याशिवाय सोनोग्राफीला ती खात्रीने दिसत नाही. चार-पाच दिवसांच्या तापात एवढा साठा बहुधा होत नाही, म्हणजे कागदावरची चरबी बहुधा आधीचीच असते. गंभीर, जीवघेण्या डेंग्यूत यकृत-पेशींत चरबीचे अगदी बारीक कण आढळतात, हे खरं. पण तो पेशी जायबंदी झाल्याचा परिणाम, पोटाच्या घेराबरोबर येणाऱ्या मोठ्या थेंबांपेक्षा निराळा. डेंग्यूची सोनोग्राफीतली खरी खूण आहे पित्ताशयाची जाड झालेली भिंत, पोटात किंवा फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी. ती प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, रक्तवाहिन्यांतून झिरपल्याची खूण आहे. ताप उतरताना हेच जास्त जपायचं असतं.

रक्ताच्या तपासण्याही अशाच फसवतात. दोन्ही आजारांत कोलेस्टेरॉल आणि एलडीएल खाली येतात. डेंग्यूत ते काही दिवसांपुरतं असतं, आणि आजार जितका गंभीर तितकी घट जास्त. डेंग्यूत काढलेलं लिपिड प्रोफाइल बघून 'कोलेस्टेरॉल आटोक्यात आलं' म्हणून गोळी बंद करणारी माणसं असतात. तसं करू नये. बरं झाल्यावर दीड-दोन महिने जाऊ द्यावेत आणि मग तपासावं. हिपॅटायटिस सीमध्ये एलडीएल वर्षानुवर्षं कमी राहू शकतं आणि औषधाने विषाणू गेल्यावर वाढतं. ते वाढलं म्हणून औषध बाधलं असं नसतं. यकृतातली अडलेली जावक मोकळी झालेली असते. एन्झाइमांत डेंग्यूमध्ये एसजीओटी सहसा एसजीपीटीपेक्षा जास्त असतं, कारण स्नायूंतूनही ते सुटतं. जुन्या हिपॅटायटिस सीमध्ये, सिरोसिस होईपर्यंत, बहुतेकदा उलट.

चरबीवर विषाणू जगतो, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीने डेंग्यू बरा होईल का, हाही प्रश्न विचारून झाला आहे. व्हिएतनाममध्ये ३०० प्रौढ रुग्णांवर लोव्हास्टॅटिनची चाचणी झाली. औषध सुरक्षित ठरलं, पण डेंग्यूवर फायदा दिसला नाही. तापात तूप बंद केल्यानेही काही साधत नाही, कारण विषाणू जाळतो ती पेशीत आधीच साठलेली चरबी.

डेंग्यू होऊन दोन-तीन महिने झाले आणि सोनोग्राफीत चरबी तशीच असेल, तर वजन, कंबर, उपाशीपोटीची साखर आणि दारू यांचा विचार करावा आणि एकदा अँटी-एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस सीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नये, कारण प्रतिपिंडं विषाणू गेल्यावरही राहतात. विषाणू आहे की नाही ते आरएनए तपासणी सांगते. असेलच तर सिरोसिस नसलेल्या रुग्णाला सोफोस्बुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, रोज, १२ आठवडे, हा नेहमीचा कोर्स आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तो मोफत मिळतो. गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासायचं असतं, आणि तेव्हा ते सापडलं नाही तर विषाणू गेला असं धरतात.