न्याहारी दरात की वेगळी?

तारकर्लीजवळ माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, होमस्टे आहे. चार खोल्या, मागे माडाची बाग, समोर वाळू. त्याची वेबसाइट आम्ही तिघांनी मिळून करायला घेतली: दादा मालवणात, मी रत्नागिरीत आणि त्याची मुलगी मुंबईत, कॉलेजच्या हॉस्टेलवर. एप्रिलमध्ये एका सकाळी दादाने खोलीचा दर १८०० वरून २००० केला आणि पान सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर, चढवलं. त्याच वेळी माझ्याकडच्या प्रतीत मी मासळी थाळीचा दर ३०० चा ३५० करत होतो. तासाभराने मी माझं पान चढवलं. दुपारी दादाचा फोन आला, खोलीचा दर परत १८०० कोणी केला? "माका म्हायत नाय," मी म्हणालो, आणि मला खरोखरच माहीत नव्हतं.

संगणकाच्या जगात या अपघाताला नाव आहे: हरवलेला बदल. दोघांनी एकाच पानाच्या प्रती घेतल्या, दोघांनीही आपापली दुरुस्ती बरोबर केली, आणि ज्याने शेवटी चढवलं त्याची प्रत उरली. सर्व्हरच्या दृष्टीने जुनी फाइल गेली, नवी आली. तिच्यात काय बदललं, कोणी बदललं, का बदललं, हे त्याला कळायला वावच नसतो.

यावर तोडगे १९७० च्या दशकापासून निघत आले आहेत. आज सर्वांत जास्त चालतं ते गिट, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यावर जगभर विखुरलेली माणसं काम करतात. त्यांच्या बदलांची नोंद ज्या प्रणालीत होत असे, ती फुकट वापरायची मुभा २००५ मध्ये संपली. मग लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच नवी प्रणाली, म्हणजे गिट, लिहायला घेतली, आणि काही दिवसांतच ती स्वतःच्या कोडची नोंद स्वतःच ठेवू लागली.

गिटमधल्या एका नोंदीला कमिट म्हणतात. त्या क्षणी सगळ्या फायली कशा होत्या, बदल कोणी केला, कधी केला, का केला याची एखादी ओळ, आणि याच्या आधीची कमिट कोणती, एवढं तिच्यात असतं. या साऱ्यावरून गणिताने ४० चिन्हांचा एक ठसा काढला जातो. आतली एक वेलांटी बदलली तरी ठसा पार वेगळा येतो. आणि प्रत्येक कमिटच्या पोटात आधीच्या कमिटचा ठसा असल्यामुळे, मागची नोंद कोणी गुपचूप बदलली तर तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात आणि ते उघडं पडतं.

पण मला सर्वांत सुंदर वाटते ती दोन प्रती एकत्र करायची रीत. दादाची आणि माझी, अशी नुसती दोन पानं शेजारी ठेवली तर काय दिसतं? खोली एकीकडे २०००, दुसरीकडे १८००. थाळी एकीकडे ३००, दुसरीकडे ३५०. यातलं नवं कोणतं आणि जुनं कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गिट तिसरं पान काढतं: आम्ही दोघं जिथून निघालो ते मूळ पान. त्यात खोली १८०० आहे आणि थाळी ३००. म्हणजे खोलीला फक्त दादाने हात लावला, तेव्हा त्याचा आकडा घ्यायचा. थाळीला फक्त मी, तेव्हा माझा. दोघांनी एकच ओळ किंवा अगदी लगतच्या ओळी बदलल्या असतील, तर गिट स्वतः निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर वरखाली मांडून थांबतं आणि माणसाला विचारतं. नवशिके याला फार घाबरतात. खरं तर इथेच गिट सर्वांत प्रामाणिक असतं.

घाबरायचं ते त्याच्या गप्प राहण्याला. मे महिन्यात, आम्हीही गिट वापरायला लागल्यावर, दादाने पानाच्या वरच्या भागात लिहिलं, "दरात न्याहारीचा समावेश आहे." पुतणीने खाली जेवणाच्या यादीत भर घातली, "आंबोळी-चटणी, १०० रुपये." दोन ओळींत बरंच अंतर होतं. गिटने दोन्ही बदल बिनतक्रार जोडले आणि कोल्हापूरच्या एका कुटुंबाने सकाळी बिल बघून दादाला विचारलं, "न्याहारी दरात की वेगळी?" ते रास्तच होतं. गिट ओळी जुळवतं. त्या ओळींचा अर्थ एकमेकांशी जुळतो का, हे वाचणाऱ्या माणसालाच कळतं. म्हणून बदल जोडण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तो डोळ्यांखालून घालायचा, ही पद्धत मोठमोठ्या कंपन्यांतही पाळतात. आम्ही तिघंच असलो तरी ती तेव्हापासून पाळतो.

मग आम्ही पहिल्यांदा कागद घेऊन बसलो, जे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. कागदावर दोन रकाने केले. कायम राहणारी माहिती एकीकडे: रस्ता, खोल्या, घराची ओळख. बदलणारी दुसरीकडे: दर, न्याहारी, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी चालू आहे की पावसाळ्यामुळे बंद. दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट एकाच फाइलमध्ये, एकाच जागी लिहायची आणि बाकीच्या पानांनी तिथूनच घ्यायची. शिवाय प्रत्येकीपुढे एक नाव. दर दादा ठरवणार. मजकूर आणि त्याची रचना सांगणारं एचटीएमएल माझ्याकडे. रंगरूपाचं सीएसएस पुतणीकडे.

तो कागद समोर असतानाच पुतणीने विचारलं, "काका, हे पान कुठे बसून उघडतील लोक?" गगनबावड्याचा घाट उतरताना, गाडीत, फोनवर. तिथे सेकंदाला एक मेगाबिट (एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट) वेग मिळाला असं धरलं, तर कॅमेऱ्यातून थेट आलेला ५ एमबीचा एक फोटो यायला ४० सेकंद लागतात. आम्ही असे दहा लावले होते: साडेसहा मिनिटांहून जास्त. फोटो लहान करून प्रत्येकी २०० केबीवर आणले, आता दहाही १६ सेकंदांत येतात.

दादा म्हणत होता, अजून तिघांना घेऊ, काम झटपट उरकेल. रापण ओढायला चार हात जास्त आले तर जाळं लवकर काठाला लागतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. वेबसाइटचं तसं होत नाही, कारण दोर ओढायला काही समजावून सांगावं लागत नाही. इथे तिघांत बोलण्याच्या जोड्या तीन, सहा जणांत १५ आणि दहा जणांत ४५. आयबीएममध्ये प्रचंड प्रकल्प सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली की ते आणखी रखडतं. नव्या माणसाला सगळं समजावण्यात जुन्यांचाच वेळ जातो. आम्ही तिघंच राहिलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुतणीची कमिट आली. दुरुस्ती दोनच ओळींची होती. कारणाच्या जागी तिने लिहिलं होतं: "पावसाळा. होडी आणि स्नॉर्कलिंग बंद, खोली १५००, न्याहारी दरातच. बाबांना फोन करून विचारलं."