धरण सुरक्षेच्या नोंदी कोणाकडे असतात आणि त्या मागण्यासाठी अर्ज कसा करावा : सोलापूर जिल्ह्यासाठी माहिती

उजनीतून विसर्ग वाढला की पंढरपूरपर्यंतच्या भीमाकाठच्या गावांत धरणाच्या सुरक्षिततेची चौकशी सुरू होते. मात्र तपासणीच्या नोंदी नेमक्या कोणत्या कार्यालयात मिळतील, हे ठाऊक नसल्याने अनेकांचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात. ही जबाबदारी कायद्यानेच अनेक यंत्रणांत वाटलेली असल्यामुळे अर्ज लिहिण्यापूर्वी ती वाटणी समजून घेणे आवश्यक आहे.

३० डिसेंबर २०२१ पासून लागू असलेला धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून अधिक उंचीच्या सर्व धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही ठरावीक धरणांना लागू होतो. उजनीची उंची ५० मीटरहून अधिक असल्याने ते अर्थातच त्यात येते. धरणाची मालकी असलेल्या यंत्रणेने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तसेच पूर किंवा भूकंप आल्यास त्या वेळीही तपासणी करायची असते. गळती, पाझर आणि बांधाची हालचाल मोजणाऱ्या उपकरणांची वाचनेही तिनेच ठेवायची असून त्यांचे विश्लेषण राज्य धरण सुरक्षा संघटनेकडे पाठवायचे असते. ही संघटना प्रत्येक विनिर्दिष्ट, म्हणजे या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या, धरणाची नोंदवही ठेवते आणि तीत देखरेख, तपासणी व महत्त्वाच्या घटना नोंदवते. महाराष्ट्रात हे काम नाशिक येथून चालते. देशपातळीवर राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण आहे.

म्हणून सांडव्याच्या ४१ दरवाजांची देखभाल किंवा मान्सूनपूर्व तपासणीचा अहवाल हवा असेल, तर जलसंपदा विभागाच्या भीमानगर येथील धरण व्यवस्थापन कार्यालयाकडे अर्ज करावा, आणि अनेक वर्षांची नोंदवही पाहायची असेल तर नाशिककडे. गावाजवळचा पाझर तलाव किंवा छोटा तलाव असल्यास आधी जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग आणि मृद व जलसंधारण विभाग यांच्यापैकी मालकी कोणाची आहे, याची खात्री करावी.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो आणि त्याला माहिती मागण्याचे कारण सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात विहित नमुन्यातील अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे, मात्र त्याने त्याचा पुरावा जोडावा. एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्द, ही राज्याच्या नियमांची मर्यादा पाळावी. ‘धरणाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिणे टाळावे, कारण अशा मोघम मागणीला उत्तरही मोघमच मिळते. धरणाचे नाव, वर्ष आणि कागदाचे नाव स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ, ‘उजनी धरणाचा २०२३ चा मान्सूनोत्तर तपासणी अहवाल आणि त्यातील त्रुटींवर केलेल्या कार्यवाहीची नोंद’. माझ्या मते त्रुटींवरील कार्यवाही मागणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण तपासणीत आढळलेली गळती खरोखर बंद केली की नाही, हे त्याच कागदावरून कळते.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. मूळ उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. सुरक्षेचे कारण देऊन संपूर्ण अहवाल नाकारला गेल्यास, संवेदनशील भाग वगळून उरलेला द्यावा, अशी मागणी कलम १० च्या आधारे करता येते. उत्तर न मिळाल्यास किंवा असमाधानकारक असल्यास ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे अपील करावे. अर्जाची पोच आणि पाकिटाची टपाल पावती अपिलाच्या वेळी लागते, ती जपून ठेवावी.