बहुशर्करांचे सूक्ष्मजेल व नॅनोजेल

शैवाल, फळांच्या साली, झाडांचा डिंक किंवा कवचधारी प्राण्यांची टरफले यांपासून मिळणाऱ्या बहुशर्करांच्या (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या) जाळ्यात पाणी धरून ठेवणारे अतिसूक्ष्म, मऊ कण. एक ते काहीशे मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या कणांना सूक्ष्मजेल म्हणतात. एका मायक्रोमीटरहून लहान कण म्हणजे नॅनोजेल. कणाचे बहुतेक वजन पाण्याचेच असते. जाळ्याच्या उरलेल्या जागेत रंगद्रव्य, जीवनसत्त्व, औषध किंवा (सूक्ष्मजेलमध्ये) जिवंत जिवाणू सामावता येतात.

या कणांचा कच्चा माल कोकण किनाऱ्यावर विपुल आहे. मालवण-रत्नागिरीच्या कातळांवर ओहोटीला उघडे पडणारे तपकिरी सारगॅसम शैवाल अल्जिनेट ही बहुशर्करा देते. लाल शैवालांपासून कॅराजीनन आणि फालुद्यातला चायना ग्रास, म्हणजेच अगर, मिळतो. काजूच्या खोडातून डिंक पाझरतो, आंब्याच्या सालीत पेक्टिन असते. सर्वांत दुर्लक्षित आहे ती कोलंबी सोलून उरणारी डोकी आणि साले. अख्ख्या कोलंबीचे जवळपास निम्मे वजन त्यांतच जाते आणि ती बहुधा फेकली जातात. सौम्य आम्लाने त्यांतला चुना आणि सौम्य अल्कलीने प्रथिने काढली की कायटिन उरते. तीव्र अल्कलीत ते तापवले की कायटोसॅन तयार होते आणि ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळते. मात्र या कामात आम्ल-अल्कलीचे भरपूर सांडपाणी निघते. ते खाडीत सोडले तर मासेमाराच्या दाराशी नवे संकट उभे राहील, म्हणून प्रक्रिया केंद्राच्या हिशेबात सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1811 मध्ये अळंब्यांत कायटिन ओळखले, तर 1881 मध्ये एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी स्कॉटलंडच्या शैवालांतून अल्जिनेट वेगळे काढले. जेल बनण्याची क्रिया विद्युतभारावर चालते. सोडियम अल्जिनेटच्या द्रावात कॅल्शियम मिसळले की दोन साखळ्यांमधील खाचांत कॅल्शियमचे आयन अंड्याच्या ट्रेमधील अंड्यांसारखे बसतात आणि साखळ्या जोडल्या जातात. हे प्रारूप 1973 मध्ये मांडले गेले. कायटोसॅनच्या साखळीवर धनभार असल्यामुळे त्याला ट्रायपॉलिफॉस्फेट हा ऋणभारित फॉस्फेट क्षार बांधतो. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत सौम्य आहे. तिला उष्णता किंवा विषारी द्रावक लागत नाही, त्यामुळे नाजूक प्रथिनेही शाबूत राहतात.

आकार लहान करण्यामागचे गणित साधे आहे. रेणूला कणातून बाहेर पडायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक मिलिमीटरच्या मण्याऐवजी एक मायक्रोमीटरचा कण घेतला तर तो वेळ दहा लाख पटींनी घटतो. कण भोवतालच्या बदलाला झटकन प्रतिसाद देतो, पण आतला ऐवजही तितक्याच झटकन गळतो. ‘नॅनो’ शब्द जाहिरातीत वाचताना ही दुसरी बाजू ध्यानात ठेवावी.

कोकमाच्या लाल रंगद्रव्यात ही अडचण स्पष्ट दिसते. सरबताचा रंग उष्णता, उजेड आणि आम्लता कमी होण्याने फिका पडतो. रंगद्रव्याचा रेणू सुमारे एक नॅनोमीटरचा (मायक्रोमीटरचा हजारावा भाग) आणि अल्जिनेटच्या जाळीची छिद्रे काही नॅनोमीटरची, म्हणून नुसत्या जाळीत तो टिकत नाही. आम्लात या रेणूवर धनभार असतो. पेक्टिनसारख्या ऋणभारित साखळीशी तो बांधला जातो, तेव्हाच तग धरतो. जिवाणूंचे गणित उलटे आहे. ते स्वतःच एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे असल्याने नॅनोजेलमध्ये मावत नाहीत. दह्यातल्या उपयुक्त जिवाणूंना जठरातील आम्लापासून वाचवायचे तर सूक्ष्मजेलच लागते, आणि तेही फार मोठे नको, नाहीतर जिभेला खरखर जाणवते.

अल्जिनेट जठराच्या आम्लात आकसते आणि आतड्यात फुगते. त्यामुळे तोंडावाटे द्यायच्या औषधाला वाटेत संरक्षण मिळते. 1980 मध्ये लिम व सुन या संशोधकांनी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या सूक्ष्मकोशांत ठेवून मधुमेही उंदरांत बसवल्या आणि त्यांची रक्तशर्करा काही आठवडे आटोक्यात राहिली. कायटोसॅन श्लेष्मल त्वचेला चिकटते, म्हणून नाक व डोळ्यांवाटे द्यायच्या औषधांसाठी त्याचा अभ्यास होतो. शिरेतून द्यायच्या नॅनोजेलची वाट अवघड आहे. यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी असे कण रक्तातून पटकन उचलतात, आणि यातले बहुतेक काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे नव्हे. कोलंबीची ॲलर्जी तिच्या प्रथिनांमुळे होते, तेव्हा कायटोसॅनमध्ये त्यांचा अंश राहता कामा नये. शैवालाच्या अल्जिनेटची घडण जाती, ऋतू आणि जागेनुसार बदलते. त्याच्या साखळीतील ग्युल्युरॉनिक आम्ल या घटकाचे प्रमाण जास्त असेल तर जेल कडक होते, कमी असेल तर लवचीक. म्हणून एकाच खडपावरून वेगवेगळ्या महिन्यांत काढलेल्या सारगॅसमची प्रत्येक खेप स्वतंत्रपणे तपासावी लागते.