ब्रशलेस आरसी कारमधील कॉगिंग

ब्रशलेस मोटर बसवलेली रिमोटवरची कार जागेवरून निघताना कधी कधी सरळ पुढे जात नाही. ती गचके खाते, थरथरते, क्षणभर मागेही सरकते. या अडखळण्याला आरसी छंदात कॉगिंग म्हणतात. गाडीने वेग घेतला की गचके आपोआप थांबतात. त्रास असतो तो निघताना आणि अगदी सावकाश चालवताना.

इथे शब्दाचा एक घोळ आहे. विद्युत अभियांत्रिकीत कॉगिंग म्हणजे रोटरवरचे (फिरणाऱ्या भागावरचे) चुंबक आणि स्टेटरचे (स्थिर भागाचे) लोखंडी दात यांच्यातली ओढ. बॅटरी न जोडता मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवला की ठरावीक अंतरावर हाताला जे टप्पे लागतात, ते याच ओढीचे. ही ओढ कमी करायची तर मोटर घडवतानाच दात किंवा चुंबक किंचित तिरपे बसवावे लागतात, दात आणि ध्रुवांच्या संख्येचा मेळ बदलावा लागतो किंवा दात नसलेला स्टेटर वापरावा लागतो. आरसी कारच्या गचक्यांचे मूळ मात्र बहुतेक वेळा इथे नसते. शाफ्टचे टप्पे हाताला लागले म्हणून चांगली मोटर काढून टाकू नये.

मूळ आहे ते ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला, रोटर दिसत नाही यात. ब्रशच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर मिळून योग्य गुंडाळीला योग्य वेळी प्रवाह देतात. ब्रशलेसमध्ये तेच काम ईएससी करतो : मोटरच्या तीन तारांपैकी एका वेळी दोनमधून प्रवाह सोडतो आणि एका विद्युत आवर्तनात सहा वेळा जोडी बदलतो. जोडी कधी बदलायची, हे रोटर कुठे आहे ते कळल्यावरच ठरते. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये हे कळते रिकाम्या राहिलेल्या तिसऱ्या तारेवर उमटणाऱ्या व्होल्टेजवरून, म्हणजे बॅक ईएमएफवरून. चुंबक स्थिर असेल तर हे व्होल्टेज शून्य. त्यामुळे पहिली काही पावले ईएससी अंदाजाने टाकतो, आणि अंदाज चुकला की रोटर जागच्या जागी हेलकावे खातो.

हे व्होल्टेज किती मिळणार हे मोटरच्या केव्हीवर, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेऱ्या या आकड्यावर, ठरते. मिनिटाला 1,000 फेऱ्यांवर 2,000 केव्हीची मोटर साधारण अर्धा व्होल्ट देते, 3,500 केव्हीची 0.3 व्होल्टपेक्षाही कमी. म्हणून जास्त केव्हीच्या मोटरी निघताना अधिक अडखळतात. केवळ वेगाच्या आकड्याला भुलून मोटर निवडणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळते.

गिअरिंगचा उपाय सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत दुर्लक्षित आहे. 85 मिमी व्यासाच्या चाकाच्या गाडीत एकूण गुणोत्तर 8 असेल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या आठ फेऱ्या होत असतील, तर ताशी 2 किमी वेगाला मोटर मिनिटाला सुमारे 1,000 फेऱ्या घेते. गुणोत्तर 10 केले तर त्याच वेगाला सुमारे 1,250. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) एक-दोन दाते लहान घेतला की मोटरवरचा भार हलका होतो आणि ईएससीला खूण लवकर दिसते. कमाल वेग थोडा घटतो, पण मोटर आणि ईएससी कमी तापतात. पिनियन आणि स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) एकमेकांत फार घट्ट बसलेले नाहीत ना, बेअरिंग अडकत नाही ना, हेही त्याच वेळी हाताने चाक फिरवून पाहावे.

दुसरे कारण बॅटरीचे. निघताना मोटर एकदम मोठा प्रवाह ओढते. जुना निमह (निकेल-मेटल हायड्राइड) पॅक, कमी सी रेटिंगचा, म्हणजे मोठा प्रवाह न पेलणारा लायपो (लिथियम-पॉलिमर), बारीक तारा किंवा सैल कनेक्टर असला की व्होल्टेज खाली बसते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी जोर मिळत नाही. व्होल्टेज फारच खाली गेले तर रिमोटचा संकेत घेणारा रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, आणि तेही वरवर पाहता कॉगिंगसारखेच दिसते. बॅटरीच्या तारा जाड आणि आखूड ठेवाव्यात, बुलेट कनेक्टरचा डाख नीट बसला आहे का पाहावे. ईएससीच्या सेटिंगमध्ये पंच (निघतानाचा जोर) थोडा कमी-जास्त करून आणि टायमिंग (तारांची जोडी किती आधी बदलायची ते) उतरवून पाहता येते. सेन्सरलेस गाडी केसाएवढ्या थ्रॉटलने रांगवण्यापेक्षा थोड्या ठाम थ्रॉटलने सोडलेली बरी.

गचके मुळातून घालवायचे तर सेन्सर हवा. सेन्सर्ड मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र ओळखणारे तीन हॉल सेन्सर असतात. ते चुंबक थांबलेले असतानाही त्याची जागा सांगतात. सहा तारांच्या पातळ केबलमधून ती खबर ईएससीकडे जाते. मात्र इथे मोटरच्या तारा ए, बी, सी खुणेनुसारच जोडाव्या लागतात. सेन्सरलेसमध्ये दोन तारांची अदलाबदल केली तर मोटर फक्त उलटी फिरते. सेन्सर्डमध्ये तीच चूक ईएससीला महागात पडू शकते. काही ईएससी सुरुवात सेन्सरवर करून पुढे सेन्सरलेस पद्धतीवर जातात. अशी गाडी अचानक अडखळू लागली, तर आधी सेन्सरची केबल तपासावी. ती चिमटते, तुटते किंवा तिच्या खोबणीत धूळ-पाणी शिरते.

सेन्सरशिवायही मार्ग निघाला आहे. बेंजामिन वेडर यांच्या व्हेस्क या खुल्या नियंत्रकात उच्च वारंवारतेचा संकेत मोटरमध्ये सोडून, रोटरच्या जागेनुसार गुंडाळीच्या इंडक्टन्समध्ये (प्रवाहातल्या बदलाला होणाऱ्या विरोधात) पडणारा फरक मोजण्याची सोय आहे. ज्या मोटरीत हा फरक पुरेसा आहे, तिथे थांबलेला रोटरही ओळखता येतो. खडकांवरून इंचाइंचाने चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत मात्र 35 किंवा 55 टर्नच्या (गुंडाळीच्या वेढ्यांच्या) ब्रशच्या मोटरी अजूनही टिकून आहेत, कारण तिथे गाडीचा सगळा वेळ याच अडखळण्याच्या वेगात जातो.

एक खूण कायम ध्यानात ठेवावी. चाके जमिनीपासून उचलूनही मोटर फिरत नसेल, नुसती थरथरत असेल, तर ते साधे कॉगिंग नव्हे. तीनपैकी एक तार तुटलेली किंवा डाख निघालेला असण्याचा संशय घ्यावा. अशा वेळी थ्रॉटल ताबडतोब सोडून बॅटरी काढावी, कारण अडकलेल्या मोटरमधून वाहणारा प्रवाह काही सेकंदांत ईएससीचे फेट (प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जाळू शकतो.