ओम्नीच्या पत्र्याची घरगुती दुरुस्ती (नागपूर)

अपघातात चेपलेला गाडीचा पत्रा गॅरेजला न नेता अंगणात किंवा पोर्चमध्ये सरळ करून रंगवण्याचे काम. गॅरेजवाले त्याला ‘डेंटिंग-पेंटिंग’ म्हणतात, जुने कारागीर ‘टिंकरिंग’. जुनी व्हॅन म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ओम्नी. १९८४मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या या गाडीला १९८८मध्ये हे नाव मिळाले आणि २०१९मध्ये तिचे उत्पादन थांबले.

घरी दुरुस्ती करण्याचे कारण हौसेपेक्षा हिशेबाचे असते. गाडी दहा वर्षांपुढे गेली की साध्या सर्वंकष विम्यात बदललेल्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही.

हातोडी उचलण्याआधी टेप काढावी. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने चालकाच्या पायांपुढे पत्र्याशिवाय फारसे काही उरत नाही. दोन्ही बाजूंच्या पुढच्या दारांच्या चौकटींचे कर्ण मोजून ताडून पाहावेत. फरक निघाला, किंवा खांब, उंबरा, तळ चेपलेला दिसला, तर ते घरचे काम नव्हे. सरकते दार अडकत असेल तर आधी मागच्या पत्र्यावरची मधली रेल पाहावी. पुष्कळदा दार शाबूत असते आणि रेल वाकलेली.

पोचा काढताना नवशिका खोल जागीच ठोकतो, आणि काम तिथेच बिघडते. धडक बसते तेव्हा मध्यभाग आधी आत जातो, भोवतीची उंच कड शेवटी उमटते. काढताना क्रम उलटा. आतून पोच्याला डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) रेटा द्यायचा आणि बाहेरून कडेवर हलक्या हाताने ठोकत बाहेरून आत यायचे. मधोमध जोरात ठोकल्यास डॉली आणि हातोडीच्या मध्ये पत्रा पातळ होऊन पसरतो, मग तो दाबला की डबड्याच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर होतो. अशा फुगलेल्या जागी छोटा ठिपका लाल होईपर्यंत तापवून ओल्या फडक्याने थंड करतात, म्हणजे पत्रा आक्रसतो. दुहेरी पत्र्यामुळे आत हात जात नसेल तर वॉशर वेल्ड करून बाहेर ओढावे लागते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. गाडीला एलपीजी किट असेल किंवा पेट्रोलची टाकी जवळ असेल तर घरी वेल्डिंग करूच नये.

गंजाच्या भोकावर पुट्टी थापणे ही सर्रास दिसणारी लबाडी. एक पावसाळा, फार तर दोन, आणि तोच फुगवटा पुन्हा वर. गंजका भाग कापून नवा तुकडा जोडणे हाच उपाय. पुट्टी फक्त उरलेली उंचसखल भरण्यापुरती, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको.

पुढचे सगळे नागपूरच्या हवेवर ठरते. मे २०१३मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी हार्डनर (घट्ट करणारे रसायन) मिसळलेली पुट्टी पत्र्यावर पसरण्याआधीच पात्यावर घट्ट होते, आणि रंगातले थिनर उडून कोरडी, खरखरीत फवारणी बसते. उन्हाळ्यात काम पहाटे सावलीत उरकावे. पावसाळ्यात उलटे: पुट्टी ओल शोषते, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वांत बरे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून पुट्टी कोरडीच घासावी, पाणी वापरायचे ते प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) वाळल्यानंतर, ४०० ते ८००च्या वॉटर पेपरसोबत. घासताना डोळ्यांपेक्षा तळहातावर भरवसा ठेवावा. डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि नाकावर बांधलेला रुमाल ते अडवत नाही. योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर एनसी रंग बरा, चमक थोडी कमी पडली तरी.

सगळ्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. तोच रंग पुन्हा मारण्याला ही अट नाही.